‘कारखाना तुमचाच’ म्हटल्यानं भागत नाही

पत्र :

‘नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत माझा कूलरचा कारखाना आहे. वडिलांनी सुरू केला, आता मी बघतो. कायमची २३ माणसं आहेत, सीझनमध्ये आणखी दहा-बारा लागतात. मागच्या वर्षी एका व्याख्यानात ऐकलं की माणसं मालकासारखा विचार करायला लागली की धंदा आपोआप वाढतो. मनाला पटलं. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली तेव्हा सगळ्यांना सांगितलं, “आजपासून हा कारखाना तुमचाच.” तशी पाटीही लावली. फरक शून्य. एप्रिलमध्ये पंपांचा एक लॉट खराब निघाला आणि अमरावती-चंद्रपूरच्या डीलरकडून साठेक कूलर परत आले. नंतर कळलं, फिटरच्या ते पहिल्याच दिवशी लक्षात आलं होतं, तरी तो पंप बसवत गेला. विचारलं तर म्हणतो, “मले वाटलं तुमाले माहीत असन.” रागाच्या भरात मी दोन फिटरांचे पाचशे-पाचशे रुपये कापले. मे महिन्यात दोन दिवस पुण्याला गेलो, तर रिव्हेट संपल्या म्हणून अर्धा दिवस काम बंद. मला विचारल्याशिवाय खरेदी करायची नाही हा वडिलांपासूनचा नियम आहे, पण एवढं तर समजायला पाहिजे ना? सहा वाजले की सगळे हात धुवायला जातात. एक मित्र म्हणतो, यांना हिशेब दाखव. पण नफा दिसला तर पगार वाढवून मागतील. भागीदार करून घेऊ का? आणि एवढं शिकवून एखाद्यानं बाजूलाच स्वतःचा कारखाना टाकला तर?’

— एक कारखानदार, हिंगणा रोड

उत्तर :

भाऊ, नमस्कार.

तुमच्या फिटरचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्हाला त्यात बेफिकिरी दिसली. मला त्यात तुमच्या कारखान्याची जुनी रीत दिसते : ठरवणारा एक, करणारे बाकीचे. पंप कोणाकडून घ्यायचे, कितीचे घ्यायचे, स्वस्तातला लॉट घ्यावा की नाही, हे त्याला आजवर कोणी विचारलं नसेल. मग पंप हलका आहे हे त्यानं कोणत्या हक्कानं सांगायचं? आणि समजा, सांगितलं असतं. ऐन एप्रिल, ऊन तापलेलं, डीलरचे फोनवर फोन, आणि अशात फिटर येऊन म्हणतो, ‘भाऊ, काम थांबवा.’ तुमच्या तोंडून काय निघालं असतं? याचं खरं उत्तर मला कळवलं नाही तरी चालेल, पण स्वतःला द्या. बाकीच्या सगळ्या गोष्टी त्याच्यावर उभ्या आहेत.

आधी ते पाचशे रुपये परत करा. याच पगारात, सगळ्यांसमोर, कारण सांगून. कायद्याचं म्हणाल तर नुकसानीपोटी पगार कापायचा असेल तेव्हा ते नुकसान त्या माणसाच्याच हयगयीमुळे झालेलं असावं लागतं, आणि कापण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. पंप त्यानं विकत घेतले नव्हते. पण कायदा बाजूला ठेवला तरी त्या कपातीनं तुमच्या माणसांना काय शिकवलं ते बघा. मागच्या सीझनमध्ये चांगला धंदा झाला तेव्हा तो तुमचा होता; या सीझनमध्ये नुकसान झालं तेव्हा ते फिटरच्या पगारातून गेलं. दारावरच्या पाटीचा अर्थ त्यांनी तिथून काढला. पुढच्या वेळी खराब पंप दिसला तर फिटर आणखी गप्प बसेल, कारण ‘मला माहीत होतं’ असं म्हणण्याची किंमत आता त्याला ठाऊक झाली आहे.

लहान कारखान्यांच्या हिशेबाचं काम करताना ही तक्रार मी फार ऐकते. मालक मनापासून बोलत असतो, तुम्हीही बोलता आहात. पण मालक मालकासारखा विचार का करतो? कोणी भाषण दिलं म्हणून नाही. त्याला पैसा कुठून आला, कुठे गेला ते दिसतं. ठरवायचा हक्क त्याच्या हातात असतो. आणि नीट चाललं तर पैसे त्याच्या घरी येतात. यातलं काहीही न देता फक्त मालकाची काळजी मागितली, तर ती समोरच्याला जास्तीचं बिनपगारी काम वाटते. वाटते म्हणजे असतेच.

तेव्हा पहिल्यांदा हक्काचं बघू, कारण त्याला पैसा लागत नाही आणि तो उद्यापासून देता येतो.

रिव्हेटचं पाकीट कितीचं? चार-पाचशेच्या पुढे नसेल. मात्र विचारल्याशिवाय आणायचं नाही हा नियम तुमचाच, आणि त्या दिवशी तो सगळ्यांनी पाळला. नियम पाळणाऱ्यांना ‘एवढं तर समजायला पाहिजे’ म्हणून दोष देता येणार नाही. आपण समजून घेतलं आणि मालक उलट रागावला तर, ही भीती प्रत्येक नोकरदाराच्या पोटात असते. म्हणून रक्कम ठरवून टाका. समजा दोन हजार रुपयांपर्यंतची किरकोळ खरेदी स्टोअरवाल्यानं आणि जुन्या फिटरनं न विचारता करायची, बिल डब्यात टाकायचं, शनिवारी तुम्ही बघायचं. त्यात एखादी खरेदी चुकेल. चुकली तर हिशेब समजून घ्या, पण मर्यादा काढून घेऊ नका. एकदा काढून घेतली की ती परत दिलीत तरी कोणी वापरणार नाही.

याहून मोठा हक्क म्हणजे काम थांबवण्याचा. टोयोटाच्या कारखान्यांत लाइनवरच्या कोणत्याही कामगाराला काही चुकतंय असं दिसलं तर तो वरची दोरी ओढतो, टीमचा प्रमुख तिथं धावत येतो, आणि दोष तेवढ्यात निघाला नाही तर लाइन थांबते. मोटारींच्या एवढ्या मोठ्या कारखान्याला हे परवडतं, कारण दोष पुढे जाऊ देणं त्याहून महाग पडतं. तुमच्याकडे दोरीची गरज नाही. पंप, वायरिंग आणि टाकीची गळती या तीन जागी काम करणाऱ्याला, मग तो काल लागलेला हेल्पर का असेना, कूलर बाजूला काढून ठेवायचा अधिकार द्या. त्यावर लाल चिठ्ठी चिकटवायची. ज्यानं चिठ्ठी लावली त्याच्याशी बोलल्याशिवाय तो कूलर टेम्पोत चढणार नाही. हा नियम तुमच्यावरही लागू, अगदी डीलर गेटवर उभा असला तरी.

वायरिंगचं नाव मी मुद्दाम घेतलं. लोखंडी बॉडीच्या कूलरचा शॉक लागून आपल्या विदर्भात उन्हाळ्यात माणसं दगावतात, लहान मुलंही जातात. तुम्ही धंद्यात आहात, तुम्हाला मी काय सांगणार. पत्र्याच्या कडेला वायर घासते, अर्थिंगचा स्क्रू अर्धवट राहतो, आणि टाकीत पाणी भरताना कोणाचा तरी हात बॉडीला लागतो. तो अर्धवट स्क्रू तुमच्या केबिनमधून कधीच दिसणार नाही. तो बसवणाऱ्याला दिसतो, फार तर त्याच्या शेजारच्याला. ‘सांगून काय होते, मालक म्हणतीन तू तुझं काम कर,’ असं त्या माणसाला वाटत असेल तर तुमच्या कारखान्यात साठ कूलर परत येण्याहून कितीतरी मोठं काही घडू शकतं. मालकी भावना वगैरे शब्द क्षणभर विसरा. निदान यासाठी तरी तुमच्या माणसांचं तोंड उघडं राहायला हवं.

ते उघडं राहतं की नाही हे तुमच्या पहिल्या वाक्यावर ठरतं. कोणी दोष दाखवला की आपल्या तोंडात आधी येतं, ‘मग एवढे दिवस काय करत होता?’ हे वाक्य गिळा. ‘दाखव बरं’ म्हणा आणि उठून त्याच्यासोबत शेडमध्ये जा. स्टोअरच्या खिडकीत एक वही टांगा. ज्याला जे सुचेल ते लिहावं, ज्याला लिहिता येत नाही त्याच्या वतीनं स्टोअरवाल्यानं लिहावं. प्रत्येक नोंदीला शनिवारपर्यंत उत्तर : हो, नाही, किंवा अमुक तारखेला. ‘नाही’ असेल तर का ते सांगा. सुरुवातीचे काही आठवडे वही कोरी राहील. मग पहिल्या मागण्या येतील त्या त्यांच्या स्वतःच्या सोयीच्या असतील. टिनाच्या शेडमध्ये नवतप्यात, उन्हाळ्यातल्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत, कूलर बनवणारी ही माणसं स्वतः कशात काम करतात ते तुम्ही बघताच. त्यांनी आधी शेडसाठी दोन कूलर आणि प्यायला थंड पाणी मागितलं, तर ‘कारखान्याचा विचार कुठे आहे यात’ असं म्हणू नका. ते देऊन टाका. आपलं ऐकलं जातं हे त्यांना तिथं कळेल, पंपाबद्दल त्यानंतर बोलतील.

आता हिशेब. तुमच्या मित्राचं बरोबर आहे.

१९८३ साली अमेरिकेच्या मिसुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी इंजिनं पुन्हा बांधून विकणारा एक कारखाना होता. इंटरनॅशनल हार्वेस्टर ही मूळ कंपनी अडचणीत आलेली. तिथला व्यवस्थापक जॅक स्टॅक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तो कारखाना विकत घेतला : स्वतःचे १ लाख डॉलर, कर्ज ८९ लाख डॉलर. एवढ्या ओझ्याखाली एखादी मोठी चूकही परवडणारी नव्हती. म्हणून त्यानं नफातोट्याचं पत्रक केबिनमधून काढून कामगारांपुढे ठेवलं आणि ते वाचायला प्रत्येकाला शिकवलं. आपल्या हातातल्या पार्टचा त्या कागदावरच्या कोणत्या आकड्याशी संबंध आहे हे मेकॅनिकला कळू लागलं. पुढे मालकीतही कामगारांना वाटा मिळाला. कारखाना तरला आणि वाढला. क्रम लक्षात घ्या : आधी आकडे शिकवले, मग त्या आकड्यांची जबाबदारी मागितली.

तुम्हाला बॅलन्स शीट वाचून दाखवायची नाही. पाटी काढा आणि त्या जागी फळा लावा. त्यावर एका कूलरचा हिशेब लिहा, मराठीत आणि हिंदीतही, कारण छिंदवाडा-बालाघाटची पोरं तुमच्याकडे असणारच. पत्रा, मोटर, पंप, ताटी (कूलरच्या बाजूंचं गवताचं पॅड), रंग, मजुरी, वीज, टेम्पो, व्याज. डीलरकडून किती मिळतात आणि शेवटी किती उरतात. समजा सहा हजारांना गेलेल्या कूलरमागे साडेतीनशे रुपये उरले. खाली दुसरा हिशेब लिहा : अमरावतीहून परत आलेल्या एका कूलरचा. येण्याजाण्याचं भाडं, नवा पंप, मेकॅनिकचा वेळ, मिळून समजा हजार-अकराशे. म्हणजे परत आलेल्या एका कूलरनं तीन चांगल्या कूलरची कमाई खाल्ली. हे फिटरला भाषणात सांगून कळणार नाही. फळ्यावर त्यानं स्वतः वजाबाकी केली की आयुष्यभर विसरणार नाही. आकडे मात्र खरे लिहा. मी धरलेले नाहीत, तुमचे.

मग हळूहळू वर्षाचं गणित दाखवा. तुमचा धंदा आठ महिने पैसा गिळतो आणि चार महिने देतो. हिवाळ्यात पत्रा आणि मोटरी घेऊन ठेवायच्या, बँकेचं कॅश क्रेडिट (माल भरायला घेतलेलं खेळतं कर्ज) वर जायचं, माल गोडाऊनमध्ये, आणि वसुली पावसाळ्यापर्यंत लांबलेली. जानेवारीत पगाराला दोन दिवस उशीर झाला की माणसांना वाटतं मालकाच्या मनात खोट आहे. त्यांना डीलरकडे अडकलेला पैसा दिसत नाही, तुमची गाडी दिसते. नफा दिसला तर पगार मागतील, असं तुम्ही म्हणता. अहो, अंदाज त्यांनी कधीच बांधलेला आहे, आणि तो बहुतेक वेळा खऱ्या नफ्यापेक्षा मोठाच असतो. खरे आकडे पाहून कोणी पगारवाढ मागितलीच, तर ती निदान खऱ्या आकड्यांवर मागेल आणि तुम्हालाही खरं उत्तर देता येईल. आकडे पाहिल्यावर पगार खरंच कमी आहे असं तुमचंच मन म्हणालं, तर आधी पगार वाढवा. घरभाड्याची चिंता असलेल्या माणसाकडून कारखान्याची चिंता मागू नये, हे माझं ठाम मत आहे.

कोणाचा पगार किती, तुमच्या घरखर्चाला किती जातात, हे फळ्यावर लिहायची गरज नाही. दर शनिवारी पंधरा-वीस मिनिटं उभ्याउभ्या आकडे बघायचे, बस. आणि हे तुम्ही बोलून दाखवू नका. पाळीपाळीनं त्यांच्यातल्याच एकाला वाचू द्या.

हिश्श्याबद्दल सावध राहा. भागीदार करू का, असं विचारलंत. करू नका. भागीदारी कायदा १९३२ सालचा आहे, आणि त्याप्रमाणे फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार वैयक्तिकरीत्याही जबाबदार असतो. उद्या बँकेचं कर्ज थकलं तर तुमच्या फिटरच्या घरापर्यंत गोष्ट जाईल. त्याला मान देताय असं तुम्हाला वाटेल आणि प्रत्यक्षात त्याच्या डोक्यावर तुमचं कर्ज ठेवाल. इन्फोसिससारख्यांनी १९९० च्या दशकात कर्मचाऱ्यांना शेअर दिले, पण शेअर द्यायला कंपनी असावी लागते. तुमची फर्म तशी दिसत नाही. इंडियन कॉफी हाउससारखी कामगारांचीच सहकारी संस्था, जिथं १९५७ पासून वाढपी आणि आचारी सभासद आहेत, तो वेगळा आणि मोठा रस्ता आहे. तुमच्यासाठी साधी गोष्ट पुरे : नफ्यातला ठरलेला वाटा.

गेल्या तीन वर्षांच्या सरासरीपेक्षा जो नफा जास्त होईल, त्याचा एक भाग, समजा पंधरा टक्के, कामगारांचा. अर्धा सगळ्यांना सारखा, अर्धा पगाराच्या प्रमाणात. सीझनवाल्या पोरांनाही त्यांच्या महिन्यांप्रमाणे. तो दिवाळीत देऊ नका, जुलैत द्या. घाम आठवत असतानाच पैसे हातात पडू देत. त्यातला थोडा भाग सप्टेंबरपर्यंत राखून ठेवा, तोवर किती कूलर परत येतात ते कळेल आणि उरलेलं वाटता येईल. हे सगळं कागदावर लिहून, सही करून द्या. तोट्याच्या वर्षी वाटा शून्य, पण पगाराला हात लावायचा नाही.

हे आणि दिवाळीचा बोनस यांची गल्लत करू नका. २० किंवा त्याहून जास्त माणसं असल्यानं बोनसच्या कायद्यातल्या तरतुदीत बसणाऱ्या कामगाराला किमान ८.३३ टक्के बोनस तुम्हाला द्यावाच लागतो. कमाल २० टक्के. त्यालाच नवं नाव देऊन ‘नफ्यातला वाटा’ म्हणालात, तर दुसऱ्याच दिवशी कोणीतरी शेडमध्ये ते उलगडून सांगेल आणि मग फळाही खोटा ठरेल.

सहा वाजता हात धुणाऱ्यांबद्दल थोडक्यात. तुम्ही रात्री नऊपर्यंत थांबता तेव्हा त्या तीन तासांचं फळ तुमच्या घरी येतं. त्यांच्या घरी मुलं वाट बघत असतात. जादा काम लागत असेल तर सकाळीच सांगा आणि कायद्याप्रमाणे दुप्पट दर द्या. सहाला जाणाऱ्या माणसाला कारखान्याची आस्था नाही असं धरून चालू नका. पंप खराब असल्याचं ज्याच्या लक्षात आलं तोही सहालाच जात असेल.

आणि सगळ्यांना हे नको असेल, तेही चालू द्या. चार-पाच जण उत्साहानं फळ्याशी येतील, काही जण मागे उभे राहून ऐकतील, एखादा म्हणेल, ‘मले माझं वेल्डिंग करू द्या.’ त्याचं वेल्डिंग चांगलं असेल तर त्याच्याकडून आणखी काही मागायचं कारण नाही. वाटा मात्र त्यालाही सगळ्यांसारखाच.

राहिली शेवटची भीती, शिकून कोणी बाहेर पडण्याची. पडेल एखादा. कूलरच्या धंद्यात हे नवीन नाही. दुसऱ्याकडे हातोडी धरून शिकलेल्यांनीच पुढे आपापली शेड टाकलेली असते, तुम्हीच आजूबाजूला विचारून बघा. तो चांगल्या मनानं गेला तर टाक्या किंवा जाळ्या त्याच्याकडून करून घेता येतील, आणि सीझनमध्ये अशी भरवशाची शेड जवळ असणं सोन्यासारखं असतं. भांडून गेला तर तुमच्या डीलरची यादी घेऊन जाईल. तेव्हा जाणाऱ्याचा हिशेब, पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटीसकट, लांबवू नका, आणि त्याच्या जागी कोणाला घ्यायचं हे ठरवताना त्या टेबलावर काम करणाऱ्या बाकीच्यांना आधी विचारा.